उत्तर-कठोर संगीताचे रसग्रहण

बंगळुरातल्या सर्जापूर रोडवरील आमच्या गृहसंकुलात रसिक असणे सक्तीचे नाही. मात्र जो रसिक ठरत नाही, त्याचे नाव अंताक्षरी गटात घातले जाते. त्या गटात मी दोन वर्षे काढली आहेत. अजूनही कुणी 'ठ' म्हटले की मी पाणी प्यायला उठतो. म्हणून गंभीर श्रवण मंडळात एक जागा रिकामी झाल्याचे कळताच मी अर्ज केला.

अट एकच होती. पोस्ट-हार्डकोअर या किंचाळत्या रॉक प्रकारातल्या एका संथ, उदास, गिटारप्रधान अल्बमचे रसग्रहण सादर करणे. मंडळाच्या इतिवृत्तात या प्रकाराला 'उत्तर-कठोर संगीत' म्हणतात. अध्यक्ष प्रतापराव मूळचे पुण्याचे. त्यांनी यशवंतपूरच्या गिरीराजचा 'साचलेलं पाणी' हा अल्बम मला नेमून दिला. अल्बम बेचाळीस मिनिटांचा होता. मला ऐकायला एक तास चोवीस मिनिटे लागली. गहन संगीताला वेळ लागायचाच, अशी मी मनाची समजूत घातली. गायकाची किंकाळी अडलेल्या म्हशीसारखी निघत होती. मला काडीचे कळले नाही, म्हणून मी चार पाने लिहिली.

मंडळासमोर अल्बम माझ्याच फोनवरून वाजवला. दोघांचे डोळे पाणावले. एक सदस्य घोरू लागले, त्यांची नोंद 'तल्लीन' अशी झाली. "काय परफेक्ट पेस आहे हो!" प्रतापराव म्हणाले, आणि मग तो सगळ्यांनाच परफेक्ट वाटला. रसग्रहण मंजूर झाले. कलावंताचा सत्कार उरकला की माझे सदस्यत्व कायम होणार होते.

घरी ही बातमी दिली, तेव्हा माझ्या बायकोने, रूपश्रीने, फोन हातात घेतला.

"अहो, हा तर अर्ध्या स्पीडवर आहे! कन्नडचे धडे ऐकायला तुम्हीच ठेवला होतात ना? सांगून टाका त्यांना."

"मंजूर झालेलं रसग्रहण मागे घ्यायची तरतूद नाही," मी म्हणालो.

सत्काराला गिरीराज आला. त्याचे मराठी घराणे बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. त्याच्या स्वागताला पुन्हा माझाच फोन लावण्यात आला. दोन मिनिटे ऐकून तो संकोचाने म्हणाला, "अण्णा, हे आमचं नव्हे. म्हणजे आमचंच, पण स्वल्प हळू झालंय बघा. मी वाजवून दाखवतो, सरी? चालेल ना?"

प्रतापरावांनी नियमावली चाळली. कलावंताने स्वतःच्या कलाकृतीबद्दल मत देण्यास मनाई नव्हती, ती तिथल्या तिथे घालण्यात आली. वाजवायला मात्र परवानगी मिळाली.

तो वाजवू लागला. संथच होते ते, पण जिवंत होते. मग तो ओरडला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वडील गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, त्या आठवड्यात ऑफिसात रिव्ह्यू होता. ते राहिलेले रडू आता आले, आणि मी चष्मा पुसायला काढला. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणीही न सांगता, मला एक गाणे आवडले होते.

"घाई झाली," प्रतापराव म्हणाले. "डेप्थच गेली सगळी."

"गेली, गेली," मंडळ म्हणाले.

लगेच ठराव मांडण्यात आला: कलावंताने अल्बम मंजूर रसग्रहणाबरहुकूम दुरुस्त करून द्यावा, तोवर शाल मंडळाकडेच राहील. एकेक हात वर होत गेला. शेवटी माझा राहिला. गिरीराज माझ्याकडे बघत होता. चार पाने लिहिणाऱ्याला तरी कळले असेल, असे त्याला वाटत असावे.

मी हात वर केला.

"येतो, अण्णा," एवढेच म्हणून तो गिटार उचलून गेला. माझे सदस्यत्व त्याच बैठकीत कायम झाले.

आता नव्या अर्जदारांची परीक्षा मीच घेतो. गाणे चालू असताना ते माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी मान हलवली की त्यांची हलते. त्यांना हसायचे तर खुशाल हसा. ही गोष्ट तुम्हाला आवडली का, हे मात्र मी तुम्हाला इतक्यात विचारत नाही. बाकीचे काय म्हणतात ते आधी कळू द्या, मग सावकाश सांगा.