पिवळ्याला मज्जाव

"कंदील म्हणजे पिवळाच उजेड, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" सोइलाबाईंनी मेजावर इतक्या जोरात हात आपटला की पुठ्ठ्याचं अख्खं लिमा शहर आडवं झालं.

पुठ्ठ्याचं लिमा आबेलार्दोने केलं होतं. लिमाच्या रिमाक भागातल्या या जुन्या नाट्यगृहात गेली कित्येक वर्षं नेपथ्य तोच करत होता. स्पॅनिश व्हाइसरॉयच्या काळातलं फार्सिकल नाटक बसत होतं, त्यात एक गल्ली, दोन घरं आणि लाकडी जाळीचा मोठा बंद सज्जा लागणार होता. आबेलार्दोने पडलेली घरं एकेक करून उभी केली.

"बाई, दोनशे वर्षांपूर्वी कंदिलात मेणबत्ती असायची," तो म्हणाला. "आणि मेणबत्ती पेटवली की ती पिवळीच पेटते. त्याला मी काय करू?"

"माझ्या रंगमंचावर पेटायची नाही!"

नाटकवाल्यांना पिवळा रंग अशुभ म्हणून वर्ज्य, हे तर रंगमंच झाडणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण सोइलाबाईंचं प्रकरण त्याच्या पलीकडे गेलेलं. त्यांचे वडील विनोदी नट. एकदा हट्टाने पिवळे मोजे घालून रंगमंचावर गेले आणि भर प्रवेशात प्रॉम्प्टरच्या खड्ड्यात पडले. पाय मोडला तो मोडलाच, पुन्हा उभे राहिले नाहीत. तेव्हापासून बाई प्रयोगाच्या दिवशी बटाट्यावरचा पिवळ्या मिरचीचा रस्सासुद्धा खात नसत. आता लिमात राहून पिवळी मिरची टाळायची म्हणजे कोरड्या भातावर दिवस काढायचा. बाई काढत, आणि त्या उपाशी पोटाचा राग संध्याकाळपर्यंत नटांवर काढत.

कोपऱ्यात विल्फ्रेदो तारा गुंडाळत बसला होता. तो प्रकाशयोजनाकार, आणि बाईंचा नवरा. म्हणजे कागदोपत्री नवरा. मार्चमध्ये त्याने नाट्यगृहातला सगळ्यात चांगला स्पॉटलाइट चुलत भावाच्या लग्नाला नेऊन दिला, तो तिथे नाचणाऱ्यांनी फोडला, आणि बाईंनी त्याला घराबाहेर काढलं. हत्यारांची पेटी घेऊन तो बहिणीकडे राहायला गेला. पण नाट्यगृहाचा पुरातन स्विचबोर्ड त्याच्याशिवाय कुणालाच कळत नसे, त्यामुळे नाटकातून काही त्याला काढता आलं नाही. मार्चपासून दोघं एकमेकांना 'अहो-जाहो' करत, तेही तिसऱ्याच्या तोंडून.

"आबेलार्दो," विल्फ्रेदो म्हणाला, "दिग्दर्शकबाईंना विचार, कंदिलातून कुठल्या रंगाचा उजेड पाडू?"

"आबेलार्दो, त्यांना सांग, निळा. चांदण्यासारखा."

"कंदिलातून चांदणं?" आबेलार्दोने विचारलं.

"हो! कंदिलातून चांदणं! आणि वरच्या दिव्यांतूनही चांदणंच. सबंध नाटकभर."

"जसं म्हणाल तसं," विल्फ्रेदो आबेलार्दोकडेच बघत म्हणाला आणि पुन्हा तारा गुंडाळू लागला.

इथेच बाईंना संशय यायला हवा होता. वीस वर्षांच्या संसारात आणि तितक्याच वर्षांच्या नाटकांत हा मनुष्य 'जसं म्हणाल तसं' असं एकदाही म्हणाला नव्हता. पूर्वी तो चहाचा, मधाचा, वाळूचा असे कसले कसले उजेड पाडायचा आणि यातला एकही पिवळा नाही म्हणून आईची शपथ घ्यायचा. पण रागावलेल्या माणसाला समोरचा ऐकतोय याचंच समाधान फार असतं.

बाईंच्या रागाला खरं कारण होतं. नाट्यगृह पालिकेच्या मालकीचं. करार संपत आला होता, आणि नव्या महापौरांच्या डोक्यात तिथे व्यायामशाळा काढायचं होतं. नगरसेवक बारेनेचेआ यांनी मोठ्या मेहेरबानीने सांगितलं होतं, "सेन्योरा, पहिल्या प्रयोगाला मी स्वतः येतो. लोक हसले, तर करारावर तिथल्या तिथे सही. नाही हसले, तर नाट्यगृह हवंय कुणाला?" ज्या रंगमंचावर वडील पडले आणि ज्याच्या विंगेत आपण अभ्यास करत वाढलो, तिथे उद्या पोटं कमी करायला लोक येणार, या विचारानेच बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

आबेलार्दोने सज्जा मात्र असा केला की बघणाऱ्याने बघत राहावं. खरं लाकूड, खरी जाळी, कोपऱ्याकोपऱ्यात कोरीव फुलं. "बाई, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा दोनशे वर्षं इथेच आहे," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. अडचण एवढीच होती की लिमातल्या हिवाळ्यात काही म्हणून वाळत नाही. दिवसभर ढग डोक्यावर बसलेले, हवेत नुसता ओलावा. आत कोंदट जागेत सज्ज्याचं व्हार्निश चार दिवस चिकटच राहिलं. शेवटी आदल्या दिवशी त्याने तो बाहेर नेला आणि जरा वारा लागावा म्हणून नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीला टेकवून दोरांनी घट्ट बांधून ठेवला.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी पालिकेची माणसं रंगाचे डबे घेऊन आली.

या शहरात महापौर बदलला की आधी रंग बदलतो. रस्ते, गटारं, पाणी यांचं नंतर बघू. मागचा महापौर जांभळ्या पक्षाचा होता, तेव्हा बाकं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे, सगळं जांभळं झालं होतं. हा नवा पिवळ्या पक्षाचा. नगरसेवक संध्याकाळी येणार म्हणून नाट्यगृहाचा दर्शनी भाग सुशोभित करायचा हुकूम सुटला होता. माणसं कामाला चोख. त्यांनी भिंत रंगवली, दरवाजा रंगवला, आणि भिंतीवरचा तो सुंदर जुना सज्जाही मनापासून, जाळीच्या भोकाभोकातून ब्रश फिरवून रंगवला.

बाई आल्या तेव्हा आबेलार्दो पायरीवर डोकं धरून बसला होता.

"तू नाश्त्याला गेला होतास?" बाईंनी विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की आबेलार्दो उठून उभा राहिला.

"फक्त एक पाव खायला, बाई. आलो तर हे. मी त्यांना म्हटलं, अरे हा नाटकातला आहे! तर मुकादम म्हणतो, काका, आम्हाला शिकवू नका, असे सज्जे हल्ली कुणी करत नाही."

हे सांगताना त्याचा चेहरा रडवेला होता, पण आवाजात थोडा अभिमान डोकावलाच. बाईंना तो ऐकू आला.

"उचला आणि नदीत टाका!"

"नदीला पाणी कुठाय, बाई?"

"मग जाळा! प्रयोग रद्द!"

"प्रयोग रद्द तर करारही रद्द," विल्फ्रेदो मागून म्हणाला. मार्चनंतर प्रथमच तो थेट त्यांच्याशी बोलत होता. "तुम्ही सबंध नाटकभर निळा सांगितलाय ना? निळ्यात पिवळं पिवळं दिसत नाही. काळपट दिसतं, जुन्या लाकडासारखं. आत आणून बघा."

बघितलं. निळ्या उजेडात तो भडक सज्जा खरोखरच गुपचूप काळपट झाला. बाईंनी तीनदा क्रूसाची खूण केली. "कुणीही याला पिवळा म्हणायचं नाही. तो काळा आहे. आणि ओला आहे, हात लावू नका," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं.

पण सज्ज्याला हात लावायचा नाही म्हणजे नाटक करायचं नाही. नाटकाची सगळी गंमत त्या सज्ज्यात. बायको काळ्या शालीत डोकं-तोंड झाकून, एकच डोळा उघडा ठेवून, नवऱ्याला भेटते. त्या काळच्या बायका असंच फिरत. नवरा तिला परकी समजून तिच्याच मागे लागतो. ती सज्ज्यात चढते, खाली वाकते, त्याच्या एक थोबाडीत देते. मिलाग्रोस नावाची मुलगी बायको झाली होती. तिने सज्ज्याचा कठडा धरला, तोल सांभाळला, आणि ओल्या हाताने एफ्राईनला, म्हणजे नवऱ्याला, तालमीप्रमाणे सणसणीत लगावली. निळ्या उजेडात, आणि नंतर विंगेतल्या अंधारातही, कुणाला काही दिसलं नाही.

तसं म्हटलं तर कुणाला काहीच दिसलं नाही, आणि हसूही आलं नाही. पहिला अंक स्मशानात चालावा तसा चालला. निळ्यात नटांचे चेहरे बुडून मेलेल्यांसारखे दिसत होते. एफ्राईनने आपलं हुकमी वाक्य फेकलं तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीने घाईघाईने क्रूसाची खूण केली. विंगेत उभ्या सोइलाबाई ओठ चावत होत्या. पहिल्या रांगेत बारेनेचेआसाहेब घड्याळ बघत होते.

मध्यंतर झालं तसे साहेब तरातरा आत आले. करार खिशातून डोकावत होता.

"सेन्योरा, आमचा रंग कुठाय?"

"कुठला रंग?"

"अहो, आमच्या माणसांनी तुमच्या सज्ज्याला पक्षाचा रंग दिला, मुकादमाने मला फोन करून सांगितलं. महापौरांना फोटो पाठवायचाय. आणि मला दिसतोय काळा! हा अपमान समजायचा का मी? वर लोक हसतही नाहीयेत. तुम्ही विनोदी म्हणाला होतात ना?"

"आमच्या रंगमंचावर पिवळा चालत नाही!"

"मग व्यायामशाळेला चालेल," साहेब म्हणाले आणि जाऊन खुर्चीत बसले.

बाईंचा चेहरा तापला. त्या गालातल्या गालात हसणाऱ्या विल्फ्रेदोकडे वळल्या. मध्ये आबेलार्दो उभा होता, त्याला त्यांनी हाताने बाजूला सारलं.

"हसता काय? सगळं तुमच्यामुळे! वीस वर्षं लोक पोट धरून हसले माझ्या नाटकांना. या वेळीच का नाही?"

"कारण वीस वर्षं मी पिवळा लावत होतो," विल्फ्रेदो शांतपणे म्हणाला.

आबेलार्दो हळूच दोन पावलं मागे सरकला.

"चहाचा, मधाचा, वाळूचा. दिव्यापुढचा जिलेटिन कागद एकच, पिवळा. निळ्या उजेडात कुणी हसत नाही, सोइला. माणसाचा चेहरा जिवंत दिसला तर हसू येतं."

"आईची शपथ घेतली होतीस!"

"आईच म्हणायची, घे खुशाल माझी शपथ."

तेवढ्यात तिसरी घंटा झाली. बाईंना ओरडायचं होतं, पण पडदा वर जात होता आणि पहिल्या रांगेत तो करार बसला होता. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"लाव," त्या म्हणाल्या. "लाव तुझा मेला मध!"

उजेड बदलला आणि सज्जा सूर्यासारखा झळाळला. मग लोकांना दिसलं. एफ्राईनच्या गालावर पाच पिवळी बोटं उमटली होती. मिलाग्रोसच्या काळ्या शालीवर कमरेशी एक पंजा होता. तो एफ्राईनचा, कारण त्यानेही गालाला हात लावून मग तिला धरलं होतं. आणि ज्या मोलकरणीचा या भानगडीशी काही संबंध नव्हता, तिच्या पाठीवर दोन पंजे होते. त्याच वेळी एफ्राईन छातीवर हात ठेवून, ठरल्याप्रमाणे, बायकोला सांगत होता, "देवाशपथ, मला आजवर कुण्या परस्त्रीने हात लावला नाही, की मी कुणाला लावला नाही!"

छप्पर उडायचंच बाकी राहिलं. म्हातारी तर खुर्चीतून घसरली. एफ्राईन जितक्या कळवळून शपथा घेई, तितके लोक गडबडा लोळत. साहेबांनी एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने फोटो काढले. नाटक संपल्यावर त्यांनी सज्ज्यासमोर उभं राहून सही केली आणि वर म्हणाले, "पुढच्या वेळी खुर्च्याही याच रंगाच्या करू!"

लोक गेले. आबेलार्दो बाहेर दारात उभा राहून सज्जा आपण केला असं सांगत होता. रंगमंचावर सोइलाबाई आणि विल्फ्रेदो दोघंच उरले. त्याने तारा गुंडाळायला घेतल्या.

"वीस वर्षं फसवलंस मला," बाई म्हणाल्या.

"फसवलं नाही. ऐकलं नाही, इतकंच."

"मग याच वेळी का ऐकलंस? का निळा लावलास? सगळं बुडालं असतं!"

विल्फ्रेदोने तारेचं वेटोळं खाली ठेवलं. "मार्चमध्ये तू म्हणालीस, 'तू माझं कधी म्हणून ऐकत नाहीस, चालता हो.' मग ठरवलं, आता जे म्हणशील ते ऐकायचं. आधी चालता झालो. मग निळा लावला."

सोइलाबाईंना इतका राग आला, इतका राग आला की त्यांचा तोलच गेला. तोल सावरायला त्यांनी हात टेकला तो नेमका सज्ज्याच्या कठड्यावर.

"गाढवा! वीस वर्षं माझा एक शब्द ऐकला नाहीस, आणि ऐकायला लागलास तो नेमका त्या वाक्यापासून?"

"मग आता काय करू? तू सांगशील तसं."

"घरी यायचं नाही!" बाई किंचाळल्या आणि त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. "अजिबात यायचं नाही, सांगून ठेवते!"

विल्फ्रेदोने हत्यारांची पेटी उचलली आणि बाहेर पडून, बहिणीच्या घराचा रस्ता सोडून, आपल्या घराच्या वळणाला लागला. त्याच्या पाठीवर पाच पिवळी बोटं होती. सोइलाबाई तोंडाने अखंड शिव्या देत त्याच्या मागोमाग निघाल्या.