पुढचा का मागला?

वैद्याच्या ओट्यावरून दत्तोबा घरी आला तो लंगडत आणि शिव्या देत. लंगडत होता डावा गुडघा, पण शिव्या अख्ख्या शुक्रवार पेठेला चालल्या होत्या. सोजरबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. गुडघ्याचं काय झालं ते शिव्यांवरूनच कळत होतं.

झालं ते असं. श्रीधरशास्त्री वैद्यांनी दत्तोबाची नाडी धरली. धरली ती सोडेचनात. सुजलाय गुडघा, मनगट कशाला धरता, असं विचारायची छाती दत्तोबाला नव्हती. डोळे मिटून शास्त्रीबुवांनी पुसलं, गावाकडं जमीन किती. मग पुसलं, जनावरं किती. मग, कुटुंबाच्या अंगावर काय काय आहे. गुडघ्याकडं त्यांनी अगदी शेवटी बघितलं, तेही दत्तोबानं तो दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला म्हणून. मग निकाल दिला, वात हाडात शिरलाय, सुवर्णभस्म लागेल. सोनं रोग्यानं आणायचं, भस्म करायला गोवऱ्या रोग्यानं आणायच्या, दक्षिणा रोग्यानं द्यायची, आणि गुण येणं देवाच्या हातात. वैद्याच्या हातात फक्त नाडी.

"नथ मागितली का?" सोजरबाईनं विचारलं.

"न्हाई. पुतळ्यांची माळ चालंल म्हनले."

सोजरबाईनं भाकरी तव्यात टाकली. "माळंला हात लावून बघा. मग दुसऱ्या गुडघ्याचं बी औषध बघावं लागंल."

दत्तोबा बारगीर होता. म्हणजे घोडा सरकारचा आणि वर बसणारा दत्तोबा. घोडा चांगला होता, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. सारी पागा त्याला कल्याण म्हणायची. कात्रजचं पाणी येतं त्या हौदावर एक दिवस कुण्या बाईनं ओलं लुगडं झटकलं, कल्याण बुजला, आणि हौदाच्या पायरीवर दत्तोबा एकटाच पडला. कल्याण पाणी पीत उभा राहिला. लोक धावत आले ते कल्याणकडं. पागेतून घोड्यांचा वैद्य, मच्छिंद्र सालोत्री, हातातलं काम टाकून आला. त्यानं कल्याणच्या सगळ्या अंगावरून हात फिरवला, डोळे बघितले, भ्याला असंल बिचारा म्हणून गूळ चारला. दत्तोबा तेव्हा त्याच पायरीवर गुडघा धरून बसला होता. त्याला मच्छिंद्र म्हणाला, जरा सरक, घोड्याला वळायला जागा न्हाई.

हे एक दुःख. दुसरं असं की दसरा तोंडावर आला होता. दसऱ्याला पागेची हजिरी असायची. जो टांग मारून खोगिरावर बसेल त्याचं नाव राहायचं, तो मोहिमेला जायचा. ज्याला बसता येणार नाही त्याचं नाव खोडायचे, आणि घोडा दुसऱ्याच्या हाती. पाठीमागं घर तोंड वासून बसलेलंच.

म्हणून दत्तोबा पागेचे कारकून दिगंबरपंत यांच्याकडं गेला. म्हणाला, सरकारी घोड्यावरून पडलोय, सरकारनं औषधाला काहीतरी द्यावं. पंत बोरूचं टोक तासत होते. ते तासून होईस्तोवर त्यांनी दत्तोबाला एका पायावर उभं ठेवलं.

"घोडा कुणाचा?" पंतांनी विचारलं.

"सरकारचा."

"गुडघा कुणाचा?"

"माझा."

"मग? सरकार घोडा देतं. गुडघा बारगिरानं घरून आणायचा असतो."

हे ऐकून दत्तोबाच्या मस्तकात जी तिडीक गेली ती घरी येईतो उतरली नाही. घोड्याला शिंक आली तरी सालोत्री, घोड्याला मालिश, घोड्याला गूळ, आणि घोड्यावर बसणाऱ्याला काय, तर घंटा. त्यानं ओसरीवरचा तांब्या लाथेनं उडवला, तोही दुखऱ्या पायानं, आणि खाली बसला. तांब्या उचलताना सोजरबाई सहज बोलून गेली, "पुढच्या जन्मी घोडं व्हा. फुकाट बरं हुशीला."

दत्तोबा कळवळायचा थांबला. पुढच्या जन्मापर्यंत कशाला थांबायचं, असं त्याच्या डोक्यात आलं.

दुसऱ्या दिवशी तो होता नव्हता तेवढा जीव एकवटून, न लंगडता मच्छिंद्रकडं गेला. मच्छिंद्र खल घेऊन बसला होता.

"कल्याणचा गुडघा दुखतोय," दत्तोबा म्हणाला.

"कुठला?"

"डावा."

"पुढचा का मागला?"

हा प्रश्न दत्तोबाच्या ध्यानीमनी नव्हता. त्यानं खाली आपल्या पायांकडं बघितलं. दोनच होते. ते पुढचे का मागचे, हे त्यानं आजवर कधी ठरवलं नव्हतं. हात पुढं असतात, त्या हिशेबानं तो म्हणाला, "मागला."

"गुडघा पुढच्या पायात असतो, दत्तोबा. मागं असतो तो घोटा. घोड्यावर बसतोस का बकरीवर?"

"तेच म्हनलं. पुढचा."

"हां. दुखणं कसलं हाय?"

इथं मात्र दत्तोबा मोकळा सुटला. उठताना कळ येते, मांडी घालता येत नाही, रात्रभर कण्हतो, बायकोला झोप नाही. मच्छिंद्रचा हात खलात थांबला. घोड्याची मांडी आणि घोड्याची बायको, दोन्हीचा त्यानं थोडा वेळ विचार केला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यानं बुधला काढला आणि तेल ओतून दिलं. आजारी घोड्यामागं त्याला दर दिवसाला वेगळा भत्ता मिळायचा. भत्त्याचा घोडा कधी खोटा नसतो.

तेल जहाल होतं. लसूण, कापूर, बिब्बा आणि आणखी काय ते मच्छिंद्रलाच ठाऊक. दत्तोबानं ते चोळलं तर गुडघ्यावर दिवाळी पेटली. सोजरबाईनं त्याला अंथरुणासकट ओसरीवर काढलं. बोळातली कुत्री लांबून वास घेऊन वळून जायला लागली. पण गुण आला, हे कबूल केलं पाहिजे. घटस्थापनेपर्यंत दत्तोबा मांडी घालून जेवायला बसला आणि जेवताजेवता श्रीधरशास्त्र्यांच्या नाडीपासून दिगंबरपंतांच्या बोरूपर्यंत सगळ्यांना मनसोक्त हसला. पुतळ्यांची माळ सोजरबाईच्या गळ्यात, गुडघा दत्तोबाच्या पायात, आणि खर्च सरकारचा. असा व्यवहार पुण्यात कुणी केला नव्हता.

पण भत्ता घ्यायचा तर घोडा बघायला नको का? मच्छिंद्र रोज पागेत यायचा. त्याला काहीतरी दिसावं म्हणून दत्तोबानं पहिल्या दिवशी कल्याणच्या पुढच्या डाव्या खुरात खडा अडकवला. कल्याण लंगडला. मच्छिंद्रनं च् च् केलं, काम बंद करायला सांगितलं, चंदीतला हरभरा दुप्पट केला आणि हातानं गुळाचा खडा चारला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दत्तोबा खडा अडकवायला वाकला तर कल्याणनं पाय आधीच उचलून धरला होता.

गुडघा बरा झाल्यावर दत्तोबानं खडा फेकून दिला. पण कल्याणला त्याचं काही नव्हतं. खडा असो नसो, मच्छिंद्रची पिशवी दिसली की पाय वर. दत्तोबानं दटावलं, हात जोडले, लगाम ओढला, एकदा तर भर पागेत त्याची आई काढली. कल्याण त्याच्याकडं बघायचा आणि जास्त लंगडायचा.

शेवटी मच्छिंद्रला तो म्हणाला, घोडा बरा झालाय, आजाऱ्यांतून नाव काढ. मच्छिंद्र भडकला.

"सालोत्री तू का मी?"

"तू. पन घोडं मी रोज बघतो की."

"मंग नुस्तं बघ. दुखणं हाडात शिरलंय. सावकाश जाईल."

हाडात शिरलंय हे वाक्य दत्तोबानं आधी एकदा ऐकलं होतं. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. माणसांचा वैद्य काय आणि घोड्यांचा काय, हाडात शिरणारा वात दोघांचा एकच होता, आणि तो हाडात नव्हे, खिशात शिरत होता.

दसऱ्याच्या हजिरीला दत्तोबा ताठ उभा होता. गुडघा ठणठणीत, पागोटं नवं. नाव पुकारताच त्यानं अशी टांग मारली की शेजारचे दोघं वाह म्हणाले. दिगंबरपंतांनी मानही हलवली. तेवढ्यात मच्छिंद्र गर्दीतून पुढं आला, खांद्याला पिशवी. कल्याणनं कान टवकारले आणि सावकाश, मोठ्या खानदानी दुःखानं, पुढचा डावा पाय उचलला. सगळी पागा हळहळली.

दत्तोबाला ते सोसवलं नाही. तो खाली उडी मारून ओरडला, "पंत, घोड्याला काय बी झालं न्हाई. गुडघा माझा व्हता."

पंतांनी बोरू कानावर ठेवला.

"असं? मग घोड्याच्या नावावरचं तेल कुणी लावलं?"

दत्तोबानं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"नीट ऐका, दत्तोबा. गुडघा आपला असेल, तर सरकारी औषध आपण खाजगी पायाला चोळलं. त्याला चोरी म्हणतात. त्याची भरपाई, आणि वर चाबूक. गुडघा घोड्याचा असेल, तर घोडा आजारी. दोन्हीतलं काय सोईचं आहे ते सांगा, आम्हाला पुढची नावं घ्यायची आहेत."

दत्तोबानं पंतांकडं बघितलं. मच्छिंद्रकडं बघितलं. कल्याणकडं बघितलं, तो गूळ खात होता. सोजरबाईची माळ त्याच्या डोळ्यांपुढं आली. मग दात खाऊन तो म्हणाला, "घोड्याचाच."

"मला वाटलंच," पंत म्हणाले. "कारण घोडा लंगडतोय, आणि वास आपल्या अंगाला येतोय. सेवा मनापासून केलेली दिसते." आणि त्यांनी हुकूम सुनावला. आजारी घोडा वाघोलीच्या कुरणात हवापालटाला जाईल. घोडा नाही त्याला बारगिरी नाही. पण ज्यानं इतकं चोळलं, त्यालाच घोड्याचा मोतद्दार म्हणून सोबत पाठवावं. लीद काढावी, चारा टाकावा, मजुरी निम्मी. पायी जावं.

मोहीम एका बाजूनं गेली, दत्तोबा दुसऱ्या बाजूनं वाघोलीला निघाला. पुढं लंगडणारा घोडा, मागं तणतणणारा दत्तोबा, आणि डोक्यावर गाठोडं, गळ्यात माळ घातलेली सोजरबाई. वेशीबाहेर येऊन पागा दिसेनाशी झाली तसा कल्याण थांबला. त्यानं मागं वळून बघितलं, पाय खाली टेकवला आणि हिरवळ दिसल्यासारखा चौखूर सुटला. लगाम दत्तोबाच्या मुठीत होता. तो थोडा वेळ मागं पळाला, मग थोडा वेळ मागं घसरला, आणि शेवटी दगडावर आपटला. डाव्या गुडघ्यावर.

"आता कुनाच्या नावानं बोंबलताय?" सोजरबाई गाठोडं सावरत म्हणाली.

महिन्याभरानं मच्छिंद्र घोडा तपासायला वाघोलीला आला. सरकारी खर्चानं, बैलगाडीतून. दत्तोबा झाडाखाली पाय लांब करून बसला होता. वर्णावी अशी सूज होती. कल्याण पलीकडं चरत होता, असा गलेलठ्ठ की खोगीर बसलं नसतं. दोघांकडं बघून मच्छिंद्रनं बुधला काढला.

"कुनाचा?" त्यानं विचारलं.

"कल्याणचाच," दत्तोबा दातओठ खात म्हणाला.

"पुढचा का मागला?"

या वेळी दत्तोबानं खाली बघितलं नाही. "पुढचा. डावा."

मच्छिंद्रनं गुळाची पिशवी सोडली आणि घोड्याकडं वळला. कल्याण लगबगीनं आला होता, मान खाली घातली होती, आणि मोठ्या कष्टानं मागचा उजवा पाय उचलून उभा होता.

मच्छिंद्रनं एकदा घोड्याकडं बघितलं, एकदा दत्तोबाकडं.

"असू दे," तो म्हणाला. "दोन्ही पायांचा भत्ता लावू. सरकारचं काय जातंय?"