संगणक सुरू होत आहे, गडबड करू नये

आमच्या घरातला संगणक सकाळी चालू केला असता दुपारच्या सुमारास चालू होतो, ही बाब बऱ्याच काळापासून आमच्या कुटुंबाच्या विचाराधीन आहे. विचाराधीन म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कचेरीतला अधीक्षक नाही त्यांना सांगून कळणार नाही. आमच्या घरात आहे. माझं त्याच्याशीच लग्न झालंय.

संगणक ह्यांनी स्वतः जोडला. तयार घेतला की दुकानदार टोपी घालतो, असं ह्यांचं ठाम मत. म्हणून एकेक भाग वेगळा आणला, जेवणाच्या टेबलावर मांडला, आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवत असताना ह्यांनी सगळा संसार कॅबिनेटमध्ये बसवला. जोडून झाल्यावर मूठभर स्क्रू उरले. "हे राखीव," हे म्हणाले. कॅबिनेटला रंगीत दिवे आहेत. बटण दाबलं की दिवे तत्क्षणी लागतात, पंखा घोंघावतो, मोठं काहीतरी घडणार असं वाटतं, आणि मग काहीही घडत नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्या कौतुकानं म्हणाल्या, "अगदी ह्याच्या कचेरीसारखा झालाय गं!"

हा संथपणा कशामुळे, ते मला पहिल्याच दिवशी माहीत होतं, कारण ह्यांनीच ते छाती फुगवून सांगितलं होतं. आत दोन डिस्क आहेत. एक जुनी, आधीच्या संगणकातून काढलेली. चालताना सारखी खाकरते. दुसरी नवीकोरी एसएसडी, जी डोळ्याचं पातं लवायच्या आत संगणक उभा करते असं दुकानदारानं शपथेवर सांगितलेलं. ह्यांनी संगणक उभा करायचं काम जुनीकडे सोपवलं आणि नवीला शेजारी रिकामी बसवून ठेवली.

"अहो, नवीकडे द्या ना काम," मी म्हटलं.

हे असे दचकले, जणू मी सासूबाईंचं सामान दाराबाहेर ठेवलं. "अगं, ती काल आलेली! जुनीची इतक्या वर्षांची सेवा झालीय. तिला डावलून हिला वर घेतलं, तर उद्या रॅम काय म्हणेल?"

मी भाजी चिरायला निघून गेले.

तोवर माझं काही अडत नव्हतं. पण मग एका प्रकाशन संस्थेनं मुद्रितशोधकाच्या जागेसाठी मला परीक्षेला बोलावलं. बोलावलं म्हणजे घरबसल्याच. ठरलेल्या सकाळी अकराच्या ठोक्याला त्यांचा मजकूर पडद्यावर उघडणार आणि तासाभरात तो निर्दोष करून द्यायचा. मोबाइल चालणार नाही, उशीर चालणार नाही, पुन्हा संधी नाही. लग्नाआधी मी हेच काम करत होते, आणि मला ते परत हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, त्यासाठी जीव तुटत होता. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळणार, या कल्पनेनंच मला गुदगुल्या होत होत्या. घरात तेच काम मी इतकी वर्षं बिनपगारी करतेय.

"परीक्षेच्या आत हा डबा सरळ करा," मी ह्यांना सांगितलं, "नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

प्रकरण तातडीचं आहे हे ह्यांनी मान्य केलं आणि लगेच चौकशी सुरू केली. संगणक सुरू होताना आत कोण कोण रुजू होतं, हे तपासण्यात आलं. सगळ्यात पहिला धावत येई तो प्रिंटरचा प्रोग्रॅम. आमचा प्रिंटर नणंदेकडे जाऊन जमाना झाला. तो प्रोग्रॅम मात्र रोज सकाळी येऊन घरभर प्रिंटर शोधतो, सापडत नाही म्हणून थोडा थांबतो, परत शोधतो. त्याच्यामागून दोन अँटिव्हायरस. एक विकत घेतलेला, एक शेजाऱ्यांनी आग्रहानं दिलेला. दोघांचाही एकमेकांवर संशय. रोज आधी हा त्याची झडती घेतो, मग तो ह्याची, आणि दोघं निर्दोष सुटले की संगणक पुढे सरकतो. मग आमच्याच गावाचं हवामान सांगणारा एक, खिडकी उघडली की जे दिसतं तेच सांगणारा. आणि शेवटी सासूबाईंचा पत्त्यांचा खेळ, जो सगळ्यांच्या आधी सुरू व्हायला हवा असा त्यांचा हुकूम आहे.

"काढून टाका सगळे," मी म्हटलं.

"माझे पत्ते कोण काढतंय ते बघतेच मी," आतल्या खोलीतून आवाज आला. सासूबाईंना एरवी कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

"कुणालाच काढायचं नाही, आई," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, शाळेतल्या मुलीला समजावावं तशा सुरात, "अगं, आपल्याकडे माणूस काढायची पद्धत नाही. काम होत नसेल तर त्याच्यावर एक जण नेमायचा."

आणि ह्यांनी नेमला! 'सफाई' नावाचा एक प्रोग्रॅम आणला. तो संगणकासोबतच उठायचा आणि बाकीचे उठेपर्यंत सगळीकडे झाडू मारायचा. संगणक आणखी मंदावला. तेव्हा सफाई नीट होते की नाही हे पाहायला एक निरीक्षक आणला. निरीक्षकानं पहिल्याच सकाळी अहवाल दिला, की विलंबाला सफाई जबाबदार आहे. सफाईनं निरीक्षकाला कचरा ठरवून उचलून टाकलं. ह्यांनी निरीक्षकाला सन्मानानं परत बसवलं आणि दोघांमध्ये समन्वय राहावा म्हणून तिसरा आणला, ज्याचं काम काय हे त्याच्या खोक्यावरही लिहिलेलं नव्हतं. आता सकाळी बटण दाबलं की आम्ही आंघोळी उरकायचो, स्वयंपाक व्हायचा, सासूबाईंची एक डुलकी व्हायची, आणि नवी डिस्क बिचारी सगळं बघत गप्प बसलेली असायची. मला तिच्याबद्दल हळहळ वाटायची. खोटं कशाला सांगू, एकदा मी कॅबिनेटवरून हातसुद्धा फिरवला.

परीक्षा जवळ आली तसं मला काही सुचेना. माझं तोंड बघून ह्यांनाही घाम फुटला. शेवटी एका रविवारी हे आनंदानं ओरडतच बाहेर आले.

"सुटला प्रश्न! संगणक सुरू व्हायला वेळ लागतो ना? मग तो बंदच करायचा नाही!"

खरं सांगते, ऐकून मला ह्यांचा अभिमान वाटला. इतकं साधं! बंद नाही, म्हणून सुरू नाही, म्हणून विलंब नाही. प्रकरण निकाली निघालं. फक्त संगणकाला झोप लागू नये म्हणून अधूनमधून माऊस हलवायला कुणीतरी हवं होतं. ती जबाबदारी सासूबाईंनी घेतली. पत्ते खेळताना तो हलतोच. बटणावर मी चिकटपट्टी लावली. घरात एवढी एकजूट नणंदेच्या लग्नातही नव्हती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ह्यांनी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मी इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून, अर्धा तास आधीच खुर्चीत बसले. परीक्षेचं पान उघडलं. सगळं कसं झकास! आणि तेवढ्यात पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. "बरेच दिवस आपण संगणक बंद केलेला नाही. अनेक सुधारणा खोळंबल्या आहेत. आता रीस्टार्ट होत आहे."

"अहो!" मी किंचाळले.

"हात लावू नकोस!" हे ओरडले.

पडदा काळा झाला. दिवे मात्र नाचायला लागले, लाल, निळे, जांभळे, घरात वरात आल्यासारखे. मग ते गोल गोल फिरणारं चक्र. मग 'कृपया संगणक बंद करू नका'. जुनी डिस्क खाकरायला लागली. आत प्रिंटर शोधायला कुणीतरी निघाल्याचं मला नुसत्या आवाजावरून कळलं.

"होईल गं, दुपारपर्यंत होईल," सासूबाई म्हणाल्या.

मी रडायला लागले. अगदी हमसून हमसून. ह्यांनी मला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. ह्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "चल. कचेरीत चल."

कचेरी आमच्या गल्लीच्या टोकाला. साडीचा घोळ सावरत मी धावले, पुढे हे. आत बाकांवर माणसं, खिडकीसमोर रांग, काचेमागे कारकून. ह्यांनी मला आत नेलं, काचेलगतच्या एका टेबलावरच्या संगणकाचं प्लास्टिकचं आवरण उचललं, धूळ फुंकली आणि बटण दाबलं. मी खुर्ची ओढून बसेपर्यंत संगणक सुरू झालेला होता.

मी डोळे विस्फारून ह्यांच्याकडे बघत राहिले. "अहो, हा इतका फास्ट कसा काय?"

"जपलाय," हे हळूच म्हणाले. "कुणी कधी काही कामच केलेलं नाही त्याच्यावर."

अकराच्या ठोक्याला मजकूर उघडला. काय सांगू तुम्हाला, बोटं नुसती नाचत होती! बोट ठेवायच्या आत ओळ हजर, चूक दिसायच्या आत दुरुस्त. ऱ्हस्वाचे दीर्घ केले, तुटलेली वाक्यं सांधली, दोनदा आलेला परिच्छेद उडवला. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. शेजारी कारकून रांगेतल्या एकेकाला शांतपणे सांगत होता, "सिस्टिम स्लो आहे. उद्या या." आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावर खाडखाड टाइप करत होते. लाज वाटली मला, नाही असं नाही. पण परीक्षा माझी होती, म्हणून मी मान वर केली नाही.

शेवटी एकदाच केली. नोकरी मिळाली, ते नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त काम पाठवून दिलं आणि काचेपलीकडे पाहिलं. रांगेत तुम्ही होतात. हो, तुम्हीच, आत्ता एवढा वेळ ह्यांना हसत होतात ते. हातात कागद होते, सकाळपासून उभे होतात. माझ्या पडद्यावर अक्षरं भराभर पळताना तुम्हाला स्वच्छ दिसली होती. आपली नजरानजरही झाली. कारकून म्हणाला, "सिस्टिम स्लो आहे." तुम्ही समजूतदारपणे मान डोलावलीत, "चालायचंच," म्हणालात, आणि तुमच्या मागचा माणूस तोंड उघडणार होता, त्यालाही समजावून बरोबर घेऊन गेलात.