सोपानकाकांच्या डब्यात काय होतं?

ज्याला तुम्ही रोज सलाम ठोकता, तो माणूस उद्या साधा कामगार निघाला, तर तुमचा हात वर जाईल का? उत्तराची घाई करू नका. आमच्या गावानं ते देऊन टाकलंय.

आमचे शेजारी सोपानकाका म्हणजे चालतंबोलतं गुपित. संध्याकाळी नगर-शेवगाव एसटीतून उतरले की टपरीवरून हाक यायची, "काका, आज डब्यात काय हुतं?" काका डावीकडे बघत, उजवीकडे बघत, डब्याची पिशवी काखेत घट्ट दाबत आणि म्हणत, "ते सांगता येत न्हाई."

एकट्या माणसाचा डबा. मेथी सोडून दुसरं काय असणार! पण काका नगरला मिल्ट्रीच्या कॅम्पात कामाला. गावाला तेवढं पुरलं. मेजरसाहेबांची भाजी शत्रूला कळली तर काय घ्या! हे 'मेजर' त्यांना कुणी केलं, माहीत नाही. काकांनी केलं नाही. त्यांनी फक्त 'नाही' म्हटलं नाही. पुढे ती सवयच जडली. एकदा दाढ सुजली. डॉक्टरनं विचारलं, "कधीपासून दुखतंय?" काका म्हणाले, "सांगता येत न्हाई."

तार दिसली की मात्र माणूस विरघळे. कुणाच्याही दारावरची बेल सैल दिसली, की खिशातून टेस्टर बाहेर. पलीकडच्या कौसामावशींचा मुलगा खरोखर फौजेत. त्याचा फोन चुकू नये म्हणून काका येता-जाता मावशींचा चार्जर तपासत. मावशी त्यांच्याकडे देवाकडे बघावं तसं बघत.

यंदाच्या प्रजासत्ताक दिनी ग्रामपंचायतीनं मेजरांचा सत्कार ठरवला. शाल द्यायची कौसामावशींच्या हस्ते.

काका शाळेच्या मैदानात आले. आधी माईकची खरखरणारी वायर दाबून नीट केली. मावशींनी शाल उलगडली आणि काका दोन पावलं मागे सरले.

"मावशी, थांबा. तुमच्या हातून न्हाई घेता येत. मी फौजी न्हाई. आठवड्यातून तीन दिस जातो. रनगाड्यातल्या जवानांच्या कानाला हेडफोन आसत्यात, त्यांच्या तुटल्या वायरी जोडतो. सोल्डर मारतो आन घरी येतो. येवढंच हाय."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी आमी इतके दिस वायरमनला सलाम ठोकला व्हय!"

सगळे हसले. सरपंचांनी मावशींच्या हातातली शाल काढून घेतली, घडी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत परत सारली. मावशी रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या.

अरे, ज्या तारेतून जवानाचा आवाज जातो ती जोडणं, हे काम नव्हे? हे मी आत्ता कागदावर विचारतोय. तेव्हा 'श्रमाला प्रतिष्ठा द्या!' अशा ठळक अक्षरांच्या, मीच छापून वाटत असलेल्या पत्रकांचा गठ्ठा माझ्या काखेत होता आणि तोंडातून शब्द फुटला नाही. 'लाज बाळगा' हे मी आजवर शेकडो जणांना छापून सांगितलं. ती बाळगायची कशी असते, ते त्या दिवशी कळलं.

आता काका सगळं सांगतात. टपरीवर बसतात आणि कुणी न विचारता म्हणतात, "आज मेथी हुती. मीठ जरा जास्तच पडलं." लोक मोबाईलमध्ये बघत राहतात.

परवा मी शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "काका, आता काही लपवत नाही तुम्ही."

ते बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "सांगत नव्हतो तवर मान्सं इचारत तरी हुती रं. घरी इचारनारं कोन हाय?"

तेव्हा एक करा. शेवगावच्या एसटीत काखेत डब्याची पिशवी दाबून बसलेला, चष्म्याच्या काडीला तांब्याची तार गुंडाळलेला माणूस दिसला, तर त्याच्या शेजारी बसा. सलाम नको. डब्यात काय होतं, एवढंच विचारा. आणि त्याचं सांगून होईपर्यंत मोबाईल खिशातच राहू द्या.