पाणी किती पेलं?

आमच्या शेजारचे सोपानअण्णा चहातल्या साखरेला साखर म्हणत नाहीत, पाणी म्हणतात. चहाला गेलं की विचारतात, "सर, पानी एक चमचा का दोन?" पहिल्यांदा मी चक्रावलो होतो. आता निमूट "अर्धा" म्हणतो.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात पाऊस आला तर आला. अण्णांची सगळी शेती त्याच्याच भरवशावर. बाजरी, मटकी, हुलगा आणि बांधावर जिवापाड जपलेले कडुनिंब. ताटात काहीही वाढा, त्यांचा प्रश्न ठरलेला, "ह्यानं पानी किती पेलं?" या परीक्षेत बाजरीची भाकरी कायम पहिली. साखर परदेशी चालल्याची बातमी टीव्हीवर लागली की अण्णा कासावीस होतात. "साखर कसली, आपल्या पान्याच्या हिरी चालल्यात जहाजात बसून!" मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, पण निर्यात इतकी सोपी करून मला कधी सांगता आली नाही.

माणूस स्वतःलाही सोडत नसे. आंघोळ दिवसाआड, तीही तांब्या-तांब्यानं.

हीच जीभ पोरीच्या लग्नात नडली. सुमनला दिली राहुरीकडे, वीस एकर उसाच्या घरात. भर पंगतीत व्याह्यांना जिलबीचा आग्रह करताना अण्णा म्हणाले, "घ्या पाव्हनं, तुमचीच साखर हाय. पर किती गावांचं पानी पेली असंल?" व्याही ताटावरून उठले. तेव्हापासून येणं-जाणं बंद. सुमनचा फोन येई, पण संक्रांतीला ती काही येत नसे. अण्णा त्या दिवशी सारखे वाटेकडं बघत.

गेल्या संक्रांतीनंतर मात्र नवल घडलं. अण्णा रोज आंघोळ करू लागले. उन्हाळ्यात तर दोनदा! आमची ही घाबरली, "अण्णांना बरं आहे ना?" बरेच दिवस मी कानाडोळा केला. शेवटी न राहवून एकदा त्यांच्या न्हाणीमागं डोकावलो. सांडपाण्यावर पाच ऊस उभे होते, भोवती काट्यांचं कुंपण.

"पोरीला ऊस लई आवडतो," मागून आलेले अण्णा खाली बघत म्हणाले.

"अहो, तिच्या दारात वीस एकर आहे!"

"त्यो सासऱ्याचा. ह्यो बापाचा हाय."

यंदा संक्रांतीला ऊस पोचवायचं काम ते माझ्या गळ्यात घालत होते. मी त्यांनाच गाडीत बसवलं. राहुरीच्या वाटेवर दोन्ही अंगांना ऊसच ऊस, पण अण्णांची नजर आपल्या पाच उसांवरच. दारात व्याही उभे होते. अण्णांनी हात जोडले. "बोललो ते खरंच हुतं पाव्हनं, पर पंगतीत बोलाया नको हुतं."

व्याही दोन पावलं पुढं आले. मग म्हणाले, "आमचीबी हीर तळाला गेलीया. या आत."

सुमननं उंबऱ्यातच ऊस दातानं सोलला, एक कांडं चावलं आणि हसत विचारलं, "अण्णा, ह्यानं पानी किती पेलं?"

 अण्णा टोपीनं डोळे पुसत राहिले.