सासुरवाडीची लेव्हल

अमर गभणेनं सासऱ्यांचं घर कॉम्प्युटर गेममध्ये बांधायचं ठरवलं, त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता. (पुढं हे त्यानं बऱ्याच जणांना शपथेवर सांगितलं. कोणी ऐकलं नाही.)

मोहाडीच्या एका पतसंस्थेत तो कारकून. कॉलेजात असताना भंडाऱ्याच्या सायबर कॅफेत तो बंदुकीचा एक गेम इतका खेळला होता, की त्यातल्या भिंती त्याला स्वतःच्या वर्गापेक्षा ओळखीच्या होत्या. त्या गेमचा रिमेक निघाला. अमरनं तो हौसेनं लॅपटॉपवर टाकला आणि तासाभरात त्याचं तोंड उतरलं. चित्रं झकास, पण बंदुकीत दम नाही. जुनी दुनाळी 'धडाम' करायची आणि पुन्हा गोळ्या भरेपर्यंत जीव टांगणीला लागायचा. नवी म्हणजे धानावर औषध फवारल्यासारखी नुसती फुसफुस. जुन्या लेव्हलमध्ये माणूस हरवायचा, भिंती चाचपायचा, अन् एखादी भिंत सरकून गुप्त खोली उघडायची. नवी लेव्हल सरळसोट हायवे. चुकायचं म्हटलं तरी चुकता येईना.

गेमसोबत स्वतःची लेव्हल बनवायचं साधन फुकट होतं. चांगल्या लेव्हलला पुष्कळ दारं लागतात, अंधारे कोपरे लागतात, आणि पाठीमागून कधीही कोणी येईल ही भीती लागते. हे सगळं एकत्र असलेली एकच जागा अमरला माहीत होती. पवनीची सासुरवाडी.

महिनाभर खपून त्यानं ती उभी केली. ओसरीत राक्षस, विहिरीमागं राक्षस, आणि स्वयंपाकघराच्या दारात सगळ्यात मोठा राक्षस. (दार अरुंद आहे म्हणून. दुसरं काही कारण नाही.) गुप्त खोली ठेवली धानाच्या कोठीमागं, कारण खऱ्या घरात तिथंच भिंतीच्या कोनाड्यात भय्याजी, म्हणजे त्याचे सासरे, तंबाखू-सुपारीचा खर्रा लपवत. तोंडातला पांढरा डाग पाहून डॉक्टरनं खर्रा बंद केला होता, आणि भय्याजींनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवून तो 'सोडला' होता. खरी गोष्ट त्यांनी फक्त जावयाला सांगितली होती.

नवरात्रात सासू-सासरे देवीच्या दर्शनाला मोहाडीला आले. चहा होताच अमरची बायको टीना कौतुकानं म्हणाली, "आई, यायनं आपलं पवनीचं घर बनवलं कम्प्युटरमंदी! दाखवा ना हो!"

लॅपटॉप टीव्हीला जोडला गेला.

"अगंबाई, माही तुळस!" सासूबाई, गोदावरीबाई, हरखल्या. "अन् हे विहीर! पण जवाईबापू, माह्या आंगणात बंदूक घेऊन कायले फिरून राहिले तुमी?"

"खेळ होय, मामी."

तेवढ्यात विहिरीमागून राक्षस आला. धडाम! गोदावरीबाईंच्या हातातली बशी खाली. स्वयंपाकघराच्या दारातला मोठा दिसला तेव्हा तर त्या उभ्याच राहिल्या.

"माह्या दारात हे कोण होय?"

"कोणीच नाही!" अमर घाबरून (गेममध्ये) मागं पळाला तो थेट कोठीच्या खोलीत. घात तिथं झाला. जुन्या खेळाडूचं बोट भिंत दिसली की आपोआप बटण दाबतं. भिंत घरघरत सरकली आणि टीव्हीभर अक्षरं झळकली, 'गुप्त खोली सापडली!' आत खर्ऱ्याच्या पुड्या, हुबेहूब, फोटो काढून चिकटवलेल्या. खाली लिहिलेलं, 'ताकद वाढली!'

भय्याजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"बाबा!" टीना किंचाळली. "अजून खाऊन राहिले तुमी?" तिनं लगेच पवनीच्या शेजारणीला, कुंताबाईंना, फोन लावला. घराची किल्ली त्यांच्याकडेच होती.

आश्चर्य म्हणजे गोदावरीबाईच म्हणाल्या, "राहू दे न पोरी. सणाचे दिवस."

पण टीना ऐकते कशाची! टीव्हीकडे पाहून ती फोनवर सांगू लागली, "काकू, धानाच्या कोठीमागं जा. डाव्या हाताच्या भिंतीत कोनाडा हाये. खर्रा हाये काय पाहा."

फोन स्पीकरवर होता. बराच खडखडाट झाला. मग कुंताबाईंचा आवाज आला, "खर्रा नाही व माय. गुडाखूची डब्बी हाये!"

गुडाखू म्हणजे दाताला घासायची तंबाखू. भय्याजींनी ती आयुष्यात घासली नव्हती. अमरला आता आठवलं, नकाशात बसेना म्हणून त्यानं ती खोली आरशातल्यासारखी उलटवली होती. भय्याजींची भिंत उजवी!

भय्याजींच्या चेहऱ्यावर रक्त परतलं. "गुडाखू? कोनाची व?"

गोदावरीबाई छताकडे पाहत होत्या. पाहता पाहता म्हणाल्या, "कुंताबाई, उजव्या बाजूलेबी हात घाल."

"हाव न! खर्रेबी हायेत! दुकान टाकता काय हो बाई?"

"दोन्ही नालीत टाका, काकू," टीना म्हणाली. "अन् उद्या दोघंबी भंडाऱ्याले, डॉक्टरकडं!"

दोघांनी मुकाट माना हलवल्या. मग दोघांनी मिळून, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच एकमतानं, अमरकडे पाहिलं.

"जवाईबापू," भय्याजी म्हणाले, "गुप्त खोली टाकाची काय गरज होती?"

"मामाजी, तिच्याबिगर घराले मजाच नाही," अमर म्हणाला. (हे वाक्य त्यानं गिळायला हवं होतं.)

टीना हळूच वळली. "असं काय? मंग आपल्या घरात कुठं हाये?"

"कुठंच नाही!" अमर ठासून म्हणाला. डोळे मात्र त्याला न विचारता कपाटावरच्या जुन्या सुटकेसकडे गेले.

"बाबा, स्टूल धरा जरा," टीना म्हणाली.

भय्याजी गुडघेदुखी विसरून धावले. पण स्टूल गोदावरीबाईंनी आधीच आणून ठेवलं होतं.