बॅटरीचा नारळ

ठरवलं तेव्हा गोष्ट अगदीच लहान होती. गाडीचे हेडलाइट मंद पडताहेत, तर मेकॅनिककडे कशाला जायचं, आपणच पाहू, असं बालाघाटच्या घनश्याम राऊतांनी सकाळी चहा पिता पिता ठरवलं. (घनश्याम सरकारी कचेरीत आवक-जावक बाबू. आजवर त्यांनी घरातली एकच वस्तू दुरुस्त केली होती. त्या घड्याळात अजूनही तीन वाजलेले आहेत.)

गाडी सेकंडहँड, पण घनश्यामांचा तिच्यावर भारी जीव. आणि आता तर इज्जतीचा सवाल होता. पंधरा दिवसांनी धाकट्या मेव्हणीचा, मंजूचा, परसवाड्याला साखरपुडा होता. किरनापुरचे सासरे, पुनारामजी, कोणत्या जावयाच्या गाडीत बसतात याकडे सगळ्या सोयऱ्यांचं लक्ष. दुसरा जावई राजेंद्र, म्हणजे घनश्यामांचा साडभाऊ, त्याची गाडी नवी कोरी. सासऱ्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "मान मोठ्या जवायाचा, बसीन तं तुमच्याच गाडीत. पण येता येता अंधार होते, रस्ता जंगलाचा. लाइट तेवढे पाहून घ्या, जवाईबापू."

झालं! घनश्याम कामाला लागले. गाडी उभी असली की दिवे पेंगायचे, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डोळे उघडायचे. त्यांनी बल्ब बदलले. फरक शून्य. मग मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहून बॅटरीची दोन्ही टोकं खोलली, सँडपेपरनं घासली, आवळली. आणि काय आश्चर्य, लाइट असे लखलखले की समोरच्या विमलाबाईंनी खिडकी लावून घेतली.

आता एवढं यश मिळाल्यावर माणूस गप्प बसेल का? गाडी घेतली तेव्हा नारळ फोडला होता, मग आता का नाही? पण बंपरपुढे फोडून काय उपयोग, सारी मेहरबानी तर बॅटरीची! घनश्यामांनी बोनेट उघडलं, बॅटरीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी दोन्ही टोकांवर बारीक धारेनं सोडलं. एक थेंब वाया जाऊ दिला नाही.

"अहो, तिले काहून आंघोळ घालून राह्यले?" बायको, ज्योत्स्ना, ओट्यावरून म्हणाली.

"तुले नाही समजत. हे मशीनचं काम आहे."

लगेच सासऱ्यांना फोन. "लाइट फस्टक्लास, मामाजी! म्या तं डायरेक्ट बॅटरीलेच नारळ चढवला!"

"वा! गुणाचे जवाई!" सासरे गहिवरले.

सहा दिवसांनी दिवे पुन्हा पेंगले. घनश्यामांनी पुन्हा घासलं, पुन्हा उजेड पडला, पुन्हा नारळ, पुन्हा सासऱ्यांना फोन. (या वेळी मोठा आणला. पहिल्यात पाणी कमी होतं, अशी त्यांना शंका होती.) पुढच्या सहा दिवसांत हेडलाइट देवघरातल्या समईएवढे उरले. साखरपुड्याला दोनच दिवस! घनश्यामांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी ज्योत्स्नानंच त्यांना हाताला धरून मोतीलाल मेकॅनिककडे नेलं.

मोतीलालनं बोनेट उघडलं आणि बघतच राहिला. बॅटरीच्या टोकांवर हिरवा-पांढरा बुरा चढला होता, आणि बाजूनं मुंग्यांची रांग लागली होती.

"बाबूजी, पंचवीस साल झाले मले या लाइनमंदी. बॅटरीले मुंग्या पहिल्यांदा पाहून राह्यलो. गोड काय सांडवलं?"

घनश्याम आभाळाकडे पाहू लागले. ज्योत्स्नानं पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच.

मोतीलालनं गरम पाणी आणि सोड्यानं सगळं धुतलं, पुसलं, वरून ग्रीस लावलं. "आता इले पाण्याचा थेंब लावू नका. देवाले नारळ मंदिरात द्या."

"हौ," घनश्याम म्हणाले. बाहेर येताच त्यांनी बायकोचे हात धरले. "मामाजीले सांगू नको बरं! वायर खराब होती, म्या बदलली, असंच सांग."

साखरपुड्याच्या रविवारी किरनापुरला सासरे नवं धोतर नेसून दारात उभे, राजेंद्रही गाडी घेऊन हजर. लाइट लावून दाखवले. डोळे दिपले. राजेंद्रचा चेहरा उतरला, घनश्यामांची छाती फुगली. सासरे गाडीत एक पाय ठेवून थबकले.

"थांबा! तुम्ही दर खेपेले बॅटरीले नारळ चढवता. आज शुभकामाले निघून राह्यलो, आज मी चढवतो. उघडा बोनेट!"

"मामाजी, राहू द्या—"

"काहून?"

काहून ते सांगायचं कसं? ज्योत्स्ना राजेंद्रच्या गाडीकडे पाहत उभी राहिली. (मदतीला बायको कधी येत नाही ते अशा वेळी कळतं.) बोनेट उघडलं. सासऱ्यांनी पायरीवर नारळ आपटला, दोन्ही हातांत धरून आणला आणि धार सोडली. घनश्याम उडी मारून मध्ये पडले! बॅटरीवर ते असे ओणवे झाले की सगळं पाणी त्यांच्या मानेवरून नव्या सफारी सूटच्या आत, पार कमरेपर्यंत गेलं.

"हे काय, जवाईबापू?"

"तीर्थ आहे, मामाजी," घनश्याम कसेबसे म्हणाले. "खाली काहून सांडू द्याचं?"

साखरपुडा झकास झाला. फोटोत नवरदेव, मंजू, आणि मागे माश्या हाकलणारे घनश्याम. अंधार पडला, निघायची वेळ झाली. घनश्यामांनी अदबीनं गाडीचं दार उघडलं. सासरे जवळ आले, नाक मुरडलं आणि राजेंद्रच्या गाडीकडे वळले.

"तुमचे लाइट लय चांगले आहेत, जवाईबापू," ते जाता जाता म्हणाले. "पण तुमचा वास आंबट येऊन राह्यला. तुम्ही मागून या, आमाले उजेड दाखवा."

आणि परसवाड्यापासून किरनापुरपर्यंत घनश्यामांच्या हेडलाइटच्या लख्ख उजेडात, पुढच्या गाडीतलं सासऱ्यांचं डुलणारं डोकं त्यांना अगदी स्पष्ट दिसत राहिलं.